पिवळीचं परकं काळीज

मित्रांनो, मी जुनी आहे हे आधी मीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला माझ्या मागची पाटी चोरून वाचायला नको. पिवळा रंग, दार नाही, छप्पर नाही, दोन माणसं कशीबशी बसतील अशी शर्यतीची गाडी. ऑझल्बी गावात मला सगळे पिवळीच म्हणतात. चाळिशी उलटली तरी माझा खोडकरपणा काही गेलेला नाही. मालकाच्या सपातांत नेमका एक थेंब तेल कसं सोडायचं, हे कुणी माझ्याकडून शिकावं.

तर माझ्या आयुष्यातला सगळ्यात विचित्र उन्हाळा सुरू झाला तो कुंपणापाशी. लीकच्या वाफ्यावर. लीक म्हणजे कांद्याचा उंच, गोरा, शहाणा चुलतभाऊ. आमच्या गावात दर सप्टेंबरला लीकचं प्रदर्शन भरतं आणि विनी क्रॅबट्री दर वर्षी पहिली येते. त्या दिवशी ती गुडघ्यांवर बसून रोपं लावत होती. माझा मालक ऑब्री थॅकर कुंपणावर कोपरं टेकून उभा होता, आणि त्याची बायको बेरिल मागे कपडे वाळत घालत होती.

"विनी, नवीन इंजिन ठरवलं मी पिवळीला," ऑब्री म्हणाला. "जुन्याच्या दुप्पट ताकद."

"कशाला?"

"काय?"

"म्हटलं, कशाला?"

"वेगाला. इंजिन आणखी कशाला असतं?"

विनीनं एक रोप भोकात सोडलं. "वेग तिच्यात आहेच रे बदका. तूच बाहेर काढत नाहीस."

आमच्याकडे लाडानं कुणालाही बदका म्हणतात. पोस्टमनला, पाद्र्याला, बँकेतल्या साहेबालासुद्धा. पण विनी बदका म्हणाली की समोरच्यानं सांभाळून राहावं.

"तू लायब्ररीची गाडी चालवायचीस म्हणून मला शिकवू नकोस," ऑब्री म्हणाला.

"सत्तावीस वर्षं चालवली. पाणथळीतल्या वाकड्या रस्त्यांवर. फळीवरून एक पुस्तक खाली पडलं नाही. तुझ्या शेजारी मागच्या वर्षी एकदा बसले तर माझी कवळी पडली."

मागून बेरिलनं विचारलं, "नव्या इंजिनाला पैसे कुठले?"

ऑब्रीला हे बरोबर ऐकू आलं. तो कुंपणावरचं शेवाळ नखानं खरवडायला लागला.

"छपराचे?" बेरिल म्हणाली. "स्वयंपाकघराच्या छपराचे पैसे?"

"नुसता बयाणा दिलाय."

बेरिलनं एक चिमटा दोरीला लावला, मग दुसरा. "ठीक आहे," ती म्हणाली. "बादली आहेच आपल्याकडे."

तिचं ते 'ठीक आहे' ऐकून वाफ्यातली गांडुळंसुद्धा खाली गेली असतील. मग विनी उठली, हात झटकले आणि पैज मांडली. मे महिन्यात ती मला माझ्या जुन्या इंजिनानिशी एक फेरी मारणार. ऑगस्टमध्ये ऑब्रीनं नव्या इंजिनानं मारायची. त्याची फेरी जास्त वेगात झाली तर नवं इंजिन माझ्यात राहील आणि जुनं भंगारात जाईल. विनी जिंकली तर जुनं परत माझ्यात, नवं विकायचं आणि छप्पर करायचं.

"आणि हरणाऱ्यानं?" ऑब्रीनं विचारलं.

विनीनं जरा विचार केला. "लीकच्या प्रदर्शनाला अख्ख्या गावासमोर पिवळीला हातानं ढकलायचं. मैदानाला पूर्ण एक फेरी. जिंकणारा स्टिअरिंगवर बसेल. आणि हरणाऱ्यानं ढकलता ढकलता इंजिनाचा आवाज तोंडानं काढायचा."

"मोठ्यानं," बेरिल म्हणाली.

चिखलाचा हात आणि शेवाळाचा हात एकमेकांत मिळाले. मी शेडमधून बघत होते. माझं काळीज त्या दोन हातांत होतं, आणि मला कुणी विचारलंही नव्हतं.

हे काळीज कुठून आलं ते सांगते. सहा माणसांच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. आधी नळ्यांचा सांगाडा, मग त्यावर पातळ पिवळं अंग. एकेक वस्तू अंगाला लावायच्या आधी म्हातारा कारागीर ती हातावर तोलून बघायचा आणि जड वाटली की ठेवून द्यायचा. घड्याळ नको, गादी नको, पावसासाठी काही नको. शेवटी मी भरले एका धष्टपुष्ट बैलाइतकी. मग त्यांनी माझ्यात एक लहानसं इंजिन बसवलं. ते पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा कारखान्यात जळत्या टोस्टचा आणि गरम तेलाचा वास होता. ते फार मोठ्यानं बोललं नाही. सकाळी पहिला चहा झाल्यावर माणूस गुणगुणतो ना, तसं गुणगुणलं. म्हातारा म्हणाला, "पुरेल हिला."

त्या एका शब्दावर मी तीस वर्षं धावले. तीन मालक झाले. गावाबाहेर युद्धातली जुनी धावपट्टी आहे, तिथल्या शर्यतीच्या रस्त्यावर मला आणायचे. एक लांब सरळ पट्टा आणि सात वळणं. कडेला भेगांतून पिवळी फुलं उगवतात आणि चंडोल घरटी करतात. पहाटे धुक्यात उभी असले की मला वाटायचं, इथून रात्री उडून गेलेली आणि परत न आलेली मोठी विमानं अजून वर कुठेतरी घिरट्या घालताहेत, आणि खाली उतरायला जागा आहे का म्हणून माझ्या पिवळ्या रंगाकडे बघताहेत. मी जरा अंग चोरून उभी राहायचे, त्यांना वाट म्हणून.

कौतुकही झालं. एका पोरानं माझं चित्र काढून वहीत चिकटवलं होतं. मग दिवस पालटले. तिसरा मालक परदेशी गेला आणि मी सात हिवाळे एका गोठ्यात ताडपत्रीखाली काढले. उंदरानं माझ्या सीटमध्ये संसार मांडला. चांगला होता बिचारा, थंडीत सोबत व्हायची. तिथून मला ऑब्रीनं आणलं. दोन हिवाळे रोज संध्याकाळी शेडमध्ये बसून त्यानं मला स्वच्छ केलं, माझे बोल्ट बदलले, आणि उंदराला सन्मानानं बागेत सोडलं. म्हणून त्याच्यावर माझा राग टिकत नाही. माणूस वाईट नाही. फक्त त्याला ऐकू येत नाही.

ऑब्री चाळीस वर्षं चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवतो आहे. सहा माणसं, सहा दोर, आणि त्यातली सगळ्यात मोठी घंटा त्याची. चाळीस वर्षांत त्या घंटेनं त्याचे कान हळूहळू पुसून टाकले. कानातलं यंत्र मिळालंय, ते चमच्यांच्या खणात पडलेलं असतं. आणि आमच्या लोकांची एक रीत आहे. समोरच्याला 'काय म्हणालात' असं दोनदा विचारायचं. तिसऱ्यांदा विचारणं असभ्य. तिसऱ्यांदा नुसती मान डोलवायची. ऑब्री या रीतीत गावात पहिला.

मे महिन्यात विनीनं मला नेलं. तिनं माझ्यावर केलेला खर्च असा: ब्रेकचे नवे पॅड, आणि पाठीमागे घ्यायला स्वतःच्या घरची एक उशी, कारण ती बुटकी आहे आणि तिचे पाय पोचत नव्हते. टायरांतली थोडी हवा तिनं सोडली. मग माझ्या रिकाम्या सीटवर थोपटून म्हणाली, "इथे पुस्तक ठेवलंय असं समजू या हं आपण."

मित्रांनो, ती फेरी मला अजून स्वप्नात येते. तिनं मला कुठेही हिसका दिला नाही. वळणाच्या बऱ्याच आधी ती माझ्याशी ब्रेकनं बोलायची, मग गप्प व्हायची, आणि मी आपसूक वळायचे, जसं झोपेत आपण कुशीवर वळतो. सातही वळणं एकाच लांब वाक्यासारखी वाटली. चंडोल वर गात होता आणि मला त्याचं गाणं ऐकू येत होतं, इतकं माझं काळीज शांत होतं. ऑब्रीची आजवरची सर्वांत वेगवान फेरी एक मिनिट बावन्न सेकंदांची. विनीची एक मिनिट एकोणपन्नास.

"आता तू," ती उतरून म्हणाली, आणि उशी काखेत मारून चहाला गेली.

जूनमध्ये माझं काळीज काढलं. साखळीनं वर उचललं तेव्हा ते हवेत हळूहळू फिरलं, आणि त्यातून तेलाचा एक थेंब माझ्या अंगावर पडला. विनीनं ते ढकलगाडीवर घालून आपल्या लीकच्या शेडमध्ये नेलं आणि गोणपाटाखाली ठेवलं. रोज सकाळी ती लीकशी बोलायची, आणि मग त्याच्याशीही. "आज कसं काय बदका?" असं दोन कुंपणांपलीकडून मला ऐकू यायचं. उत्तर यायचं नाही.

आणि माझ्यात नवं आलं. चकचकीत. वरती चार तुताऱ्यांसारखी चार तोंडं. इंजिनवाला सज्जन माणूस होता. त्यानं ऑब्रीला नीट समजावलं की याचा आवाज फार आहे, शर्यतीच्या रस्त्यावरच्या नियमात बसणार नाही, सायलेन्सर वेगळा घ्यावा लागेल आणि तो लावला की ताकद थोडी कमी होईल. मागे यंत्र चालू होतं. ऑब्रीनं दोनदा 'काय म्हणालात' विचारलं आणि तिसऱ्यांदा मान डोलवली.

पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा बेरिलच्या कपाटातल्या बश्या सरकल्या. विनीच्या लीकांची पानं थरथरली. ती कुंपणापाशी येऊन म्हणाली, "ऑब्री, धावपट्टीवरचा पिकरिंग तुला आत सोडणार नाही."

"काय?"

"पिकरिंग. आवाज मोजतो तो."

"काय?"

"म्हटलं, लीकना घाबरवू नकोस."

ऑब्रीनं मान डोलवली. "मला तर तिचा आवाज पहिल्यासारखाच वाटतो," तो बेरिलला म्हणाला. बेरिलनं बादली रिकामी केली. त्या महिन्यात पाऊस बराच झाला. छपरातून टप टप व्हायचं ते सगळ्या घराला ऐकू यायचं, ज्यानं पैसे खर्च केले त्याला सोडून.

पण खरं तेही सांगते, मी काही एकतर्फी नाही. एका सकाळी ऑब्री मला सरळ रस्त्यावर घेऊन गेला आणि पाय दाबला. मित्रांनो, कडेची झाडं हिरव्या पाण्यासारखी वाहायला लागली. मी उडाले. ती धावपट्टीवरची विमानं मला तेव्हा समजली. ऑब्री शाळेतल्या पोरासारखा हसत होता. त्या नव्या काळजात खोट काहीच नव्हती. ते माझं नव्हतं, एवढंच. लांबलचक सरळ रस्ता असलेल्या कुणाचं तरी होतं ते, आणि चुकून माझ्या घरी उतरलं होतं.

ऑगस्टचा शेवटचा शनिवार उजाडला. धावपट्टीवर श्री. पिकरिंग घडीच्या स्टुलावर बसले होते. डोक्यावर टोपी, हातात आवाज मोजायचं यंत्र, शेजारी थर्मास. हा माणूस कुणाशी भांडत नाही. आकडा वाचतो आणि चहा पितो.

"सुरू करा, थॅकरसाहेब."

ऑब्रीनं सुरू केलं. पिकरिंगची टोपी उडाली नाही, पण त्यांनी ती हातानं धरली.

"एकशे नऊ," ते म्हणाले. "अठ्ठ्याण्णवपर्यंत चालतं. क्षमा करा."

"काय?"

त्यांनी यंत्र फिरवून आकडाच दाखवला. ऑब्रीनं तो डोळे बारीक करून वाचला. मग विनीकडे वळला. "हे मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं," विनी म्हणाली. "तू मान डोलवलीस."

"हा नियम केला कुणी मुळात? शर्यतीची गाडी काय कुजबुजत जाणार?"

पिकरिंगनी शांतपणे फाइल उघडली आणि एक पिवळट कागद काढला. अकरा वर्षांपूर्वीचा अर्ज. गाड्यांच्या आवाजानं आम्हा घंटा वाजवणाऱ्यांच्या गुरुवारच्या सरावात व्यत्यय येतो, तरी मर्यादा घालावी. खाली सह्या. पहिलीच सही, ऐटीत शेपूट ओढलेली: ऑब्री थॅकर.

बेरिल बाकावर बसून सँडविच सोडत होती. तिनं ते परत गुंडाळलं. हसताना घशात अडकू नये म्हणून.

"घंटांना मर्यादा आहे का हो काही?" विनीनं पिकरिंगना विचारलं.

"देवाचं खातं वेगळं," ते म्हणाले.

ऑब्री माझ्या चाकावर बसून राहिला. पहिल्यांदाच मला त्याची कीव आली. छप्पर गेलं, उन्हाळा गेला, आणि मी दाराशी उभी. विनी पिकरिंगकडे गेली. अशा नापासांसाठी त्यांच्या गाडीत उसना द्यायचा एक सायलेन्सर असतो, झाडांना पाणी घालायच्या झारीएवढा. विनीनंच तो माझ्या मागे तारेनं बांधायला मदत केली.

"तू का मदत करतेस?" ऑब्रीनं विचारलं.

"पैज फेरीवर आहे. फेरी तर होऊ दे."

अठ्ठ्याण्णव बरोब्बर. पिकरिंगनी मान हलवली आणि मी आत गेले, शेपटीला झारी बांधून.

सरळ पट्ट्यावर आम्ही वाऱ्यासारखे गेलो, झारी असूनही. पण त्या पट्ट्याच्या शेवटी वळण असतं, आणि वेगानं आलेल्या माणसाला ते लवकर येतं. ऑब्रीनं उशिरा ब्रेक दाबला, जोरात दाबला. माझं नाक खाली, शेपूट वर. सीटवरचं विनीचं ते मनातलं पुस्तक कधीच खाली पडलं होतं. पट्ट्यावर कमावायचं आणि वळणावर सांडायचं, असं प्रत्येक वेळी. तरी तो स्वतःच्या जुन्या फेरीपेक्षा पुढे होता. सातव्या वळणापर्यंत तो विनीच्याही पुढे होता, अगदी नखाएवढा.

मित्रांनो, त्या क्षणी मला गोणपाट दिसलं. लीकच्या शेडमधलं. आणि भंगाराचा ढीग दिसला. सातव्या वळणावर ऑब्रीनं घाईत पाय दाबला आणि माझं मागचं चाक सरकलं. थोडंसंच. तुमच्या मनात काय आलं ते मला ठाऊक आहे. चाक घाईनं सरकतं, हे भौतिकशास्त्र आहे. बाकी माझं तोंड बंद आहे.

एक मिनिट एकोणपन्नास, आणि वर एक दशांश.

"झारी नसती तर मी जिंकलो असतो," ऑब्री म्हणाला.

"हो. आणि वळणं नसती तर विमान जिंकलं असतं," विनी म्हणाली. "ऐक बदका. तुझ्या पायाला आधी शिकव. मग ब्रेक, मग टायर. सगळं शिकून झाल्यावरही पिवळी तुला कमी पडली, तर घे मोठं इंजिन. मी स्वतः साखळी ओढायला येईन."

"काय?" असं ऑब्रीनं दोनदा विचारलं, विनीनं दोनदा सांगितलं.

ऑब्रीनं मान डोलवली. मग थांबला. "पुन्हा सांग," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा विचारतो आहे, माफ कर. पण पुन्हा सांग."

तिनं पुन्हा सांगितलं. त्या संध्याकाळी चमच्यांचा खण उघडल्याचा आवाज मी ऐकला. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून ऑब्रीचा आवाज आला. "बेरिल, हे टप टप कधीपासून आहे?"

"जूनपासून," बेरिल म्हणाली.

नवं इंजिन पुढच्याच आठवड्यात एका लांब सरळ रस्तेवाल्याकडे गेलं, आनंदानं. छपरावर नवी कौलं चढली. माझं जुनं काळीज परत बसवायचं ठरलं सोमवारी, आणि लीकचं प्रदर्शन आलं शनिवारी. म्हणजे ते दोन-तीन दिवस मी रिकामी होते. ना जुनं, ना नवं. आत नुसती हवा. विचित्र असतं ते, मित्रांनो, पण वाईट नसतं. वारा माझ्यातून आरपार जायचा आणि मला चंडोलाच्या स्वप्नासारखं हलकं वाटायचं.

माझी तुमच्याकडे एवढीच विनवणी आहे. घरातली एखादी जुनी वस्तू कमी पडते असं वाटलं, तर तिचं काळीज काढण्याआधी तिच्याजवळ जरा वेळ बसा. तिला तेलपाणी करा. आणि ती काय म्हणते ते ऐका. नाहीच ऐकू आलं तर तिसऱ्यांदा विचारा. त्यात असभ्य काही नाही.

तर शनिवारी अख्खं ऑझल्बी मैदानावर जमलं. विनीच्या लीकला पहिलं बक्षीस होतंच. ती पाठीशी उशी घेऊन माझ्या स्टिअरिंगवर बसली. शेजारच्या सीटवर तिनं लायब्ररीतलं एक जाडजूड पुस्तक ठेवलं, खरंखुरं. मागे ऑब्री उभा, घंटा वाजवायच्या चांगल्या कोटात, कानात यंत्र. बेरिलनं रिकामी झालेली बादली बरोबर आणली होती, बक्षिसाचा लीक ठेवायला.

"पहिला गिअर," विनी म्हणाली.

ऑब्रीनं खांदा लावला. "घर्रर्रर्र."

"ऐकू आलं नाही," बेरिल म्हणाली.

"घर्रर्रर्रर्र."

लोक टेबलं सोडून कडेला येऊन उभे राहिले. पाद्र्याचा चहा बशीत सांडला. "दुसरा," विनी म्हणाली, आणि ऑब्रीनं सूर वर चढवला. चेहरा टोमॅटोसारखा लाल, गाल फुगलेले. वळणाशी आलो तेव्हा मात्र मला काहीतरी निराळं जाणवलं. त्यानं वळणाच्या बरंच आधी माझा वेग हळू केला, तळवे पसरून, हळुवारपणे. हिसका नाही. मग मी आपसूक वळले, आणि वळल्यावर त्यानं परत जोर लावला. चारही कोपऱ्यांवर तसंच. तोंडानं तो गुणगुणत होता, अगदी माझ्या जुन्या काळजासारखा, सकाळच्या पहिल्या चहानंतरचा तो सूर. हे त्यानं कधी ऐकलं होतं कोण जाणे.

फेरी पूर्ण झाली. पिकरिंग स्टुलावरून उठले, यंत्र बघितलं.

"एक्याण्णव," ते म्हणाले. "पास."

ऑब्री माझ्या पाठीवर दोन्ही हात टेकून धापा टाकत होता. विनीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं शेजारच्या सीटकडे पाहिलं, आणि बोटानं त्यालाही तिकडे बघायला लावलं.

पुस्तक होतं तिथेच होतं.